काकांचा अभंग आणि लॅपटॉपमधला पखवाज

आमचं घर कोकणात, आचऱ्याजवळ, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पडवीला मात्र पत्रे. यंदा श्रावणात ठरवलं की काकांचा अभंग रेकॉर्ड करायचाच, चवथीच्या आधी. शब्द आजोबांच्या वहीतले, चाल काकांची. काकांनी सत्तरी ओलांडली, गावच्या भजनात चाळीसेक वर्षं गायले, पण त्यांच्या आवाजाचं एक धड रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही, जे काय आहे ते कोणाच्या तरी मोबाईलवर, झांजांच्या आवाजात बुडालेलं. पखवाज वाजवणारे शेजारी गेल्या वर्षी मुलाकडे मुंबईला राहायला गेले, म्हणून पखवाज मिडीवर करायचा, बास मिडीवर, गिटार मी वाजवणार आणि गळा काकांचा, असा बेत. पंधरा दिवस लागले. शोधताना मला मराठीत फारसं काही सापडलं नाही म्हणून जे कळलं ते इथे लिहून ठेवतोय, कोणालातरी उपयोग होईल.

आधी एक गोष्ट, कारण याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. मिडी म्हणजे आवाज नाही. मिडीमध्ये फक्त एवढंच लिहिलेलं असतं की अमुक पट्टी अमुक वेळी अमुक जोराने दाबली आणि अमुक वेळी सोडली. भजनाच्या वहीत बोल लिहिलेले असतात ना तसं, वही स्वतः वाजत नाही, कोणीतरी वाजवावं लागतं. 1983 पासून ही भाषा चालू आहे, त्या वर्षी अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ (म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) एका केबलने जोडून दाखवले होते आणि अजून तीच भाषा आपण घरी लॅपटॉपवर वापरतो, मला याचं खरंच अप्रूप वाटतं. पाच मिनिटांचा पखवाज मिडीत काही केबीत बसतो आणि काकांचा आवाज 48 किलोहर्ट्झ 24 बिटला घेतला तर एका मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जातो. पण साइज हा मुद्दा नाही. मुद्दा असा की मिडीची लय, पट्टी, जोर, सगळं नंतर बदलता येतं आणि कानाला काही कळत नाही, पण गळा आणि गिटार ताणायला गेलात तर लगेच कळतं. म्हणजे जे वाकू शकतं त्याने, जे वाकू शकत नाही त्याच्या मागून जायचं. मी पहिले चार दिवस याच्या बरोब्बर उलटं करत होतो.

केलं काय, तर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 84चा टेम्पो, म्हणजे मिनिटाला 84 मात्रा, टाकला, त्याच लयीची टकटक म्हणजे क्लिक लावला, पखवाजाचा भजनी ठेका आठ मात्रांचा एकदा वाजवून कॉपी-पेस्ट केला, बास टाकला आणि काकांच्या कानात हेडफोन दिला. काका पेटी घेऊन बसले, सुरुवात झाली, दोन ओळी झाल्या आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"ह्यां टकटक बंद कर आधी. माका गाऊक सुचणा नाय."

मी समजावलं की काका, हे बाहेर ऐकू येणार नाही, फक्त तुमच्यासाठी आहे. तर म्हणाले, "तुझा मशीन माझ्यावांगडा येतला तर येवंदे. मी तेच्या मागसून जावचंय नाय."

आणि त्यांचं बरोबर होतं. भजन कधी एका लयीत राहतच नाही. ठाय लयीत उचलतात, दुसऱ्या अंतऱ्यापासून हळूहळू चढतं, ध्रुपदावर परत येताना काका एक अर्धा श्वास थांबतात आणि मग समेवर येतात, त्या थांबण्यातच सगळी मजा आहे. 84च्या टकटकीत ते थांबणं मरतं. म्हणून क्लिक काढून टाकला, पखवाज म्यूट केला, आणि माजघरात दोघं समोरासमोर बसलो. त्यांच्यासमोर एक माईक, माझी गिटार पिकअपमधून थेट इंटरफेसच्या (माईक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी) इन्स्ट्रुमेंट इनपुटला, आणि एका दमात सबंध अभंग घेतला. हा गाईड ट्रॅक, म्हणजे शेवटचा नाही, बाकी सगळं ज्याच्या आधाराने बसवायचं तो.

मग तो गाईड ऐकत प्रत्येक समेवर मार्कर टाकला. बासष्ट आवर्तनं भरली. गणित सोपं आहे, आवर्तन आठ मात्रांचं, तर 480ला आवर्तनाच्या सेकंदांनी भागायचं, टेम्पो मिळतो. पहिलं आवर्तन 6 सेकंदांचं म्हणजे 80, शेवटचं 4.4 सेकंदांचं म्हणजे 109. काकांनी 80 वरून 109 वर नेलं आणि ऐकताना कुठेही धावल्यासारखं वाटत नाही, आकडे समोर आले तेव्हा मी पुन्हा एकदा सगळं ऐकलं. हे सगळे टेम्पो एकेका समेला प्रोजेक्टमध्ये टाकले की मिडीचा पखवाज आपोआप काकांबरोबर चालायला लागतो. आधी मी प्रत्येक मात्रेला मार्कर टाकून बघितला पण त्याने पखवाज अडखळल्यासारखा व्हायला लागला, समेलाच टाकावा, मधल्या मात्रा समान राहू द्याव्यात. फक्त जिथे काका श्वास घेतात तिथे आवर्तनाच्या मध्ये एक जास्तीचा मार्कर दिला. आणि हे करायच्या आधी ऑडिओ ट्रॅकने टेम्पोबरोबर ताणायचं नाही अशी सेटिंग नक्की करा, माझ्याकडून ते राहिलं आणि सबंध गाईड वेडावाकडा ताणला गेला, अनडू करून वाचला.

पखवाजाच्या आवाजाबद्दल. मिडीच्या जुन्या जनरल मिडी यादीत 128 वाद्यं आहेत, त्यात सतार आहे, शहनाई आहे, पण तबला नाही आणि पखवाज नाही, पेटीच्या जवळ जाणारं म्हणजे रीड ऑर्गन. म्हणून सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच, घ्यावी लागते, ज्यात धा, ता, गे, कत वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात. आणि जोर, म्हणजे व्हेलॉसिटी, 1 ते 127. मी सगळ्या थापा 100 वर ठेवल्या होत्या तेव्हा तो पखवाज कोणीतरी पाट्यावर वरवंटा आपटल्यासारखा वाजत होता. समेला 110च्या आसपास, मधल्या थापा 70 ते 85 आणि प्रत्येक आवर्तनात थोडा फरक, एवढं हाताने केलं. दोन रात्री गेल्या त्यात, पण हे काम टाळू नका.

आता पट्टी. पूर्वी काका काळी चारमध्ये गायचे, आता काळी दोनवर आलेत. काळी दोन म्हणजे गिटारवर डी शार्प, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून डीचे शेप. पण गाईडवर मिडीचा बास चढवला तर काहीतरी कच्चं लागत होतं. दोन दिवस वाटत होतं की माझीच गिटार उतरतेय. मग ट्यूनर पेटीसमोर धरला तर पेटीचा ए हा सूर नेहमीच्या 440 हर्ट्झवर नाही, 446 वर निघाला, म्हणजे साधारण 23 सेंट वर (शंभर सेंट म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर). पेटी आजोबांच्या वेळची आहे, आणि काका ती पेटी हातात नसेल तर गातच नाहीत, त्यामुळे पेटी बदलायचा प्रश्नच नव्हता. सिंथमध्ये मास्टर ट्यून 23 सेंटने वर नेला, गिटारचा ट्यूनर 446 वर सेट करून तारा परत लावल्या, आणि पुढच्या प्लेबॅकला बास आणि पेटी एकमेकांत अशी मिसळली की काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. तुमच्या घरी पेटी असेल तर पहिल्या दिवशी हे मोजा.

लेटन्सीबद्दल, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून जाऊन कानात येईपर्यंतच्या उशिराबद्दल, सगळीकडे खूप लिहिलेलं असतं, मी थोडक्यात सांगतो. लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो बफर, आणि इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप, 48 किलोहर्ट्झला सेकंदाला 48 हजार. बफर 1024 सॅम्पल ठेवलात तर 48 किलोहर्ट्झला नुसता एका बाजूचाच उशीर 21 मिलिसेकंद होतो, 128 ठेवलात तर तीनच्या आत. आवाज हवेतून तीन मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो, म्हणजे देवळात पखवाजवाला बुवांपासून जेवढा लांब बसतो तेवढा उशीर आपल्याला सवयीचाच असतो, त्याच्या वर गेलं की गाणारा अडखळतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मी मिडीचे सगळे ट्रॅक फ्रीज केले, म्हणजे ते तात्पुरते ऑडिओ होतात, लॅपटॉपवरचा भार उतरतो आणि 128 वर तडतड होत नाही. आणि एक टेस्ट जरूर करा, इंटरफेसचा आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडून एक क्लिक रेकॉर्ड करायचा आणि मूळ क्लिकपेक्षा तो किती मागे पडला ते मोजायचं. माझा 312 सॅम्पल मागे होता, म्हणजे साडेसहा मिलिसेकंद. सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा टाकल्यावर गिटार पखवाजाच्या मागे रेंगाळायची थांबली, त्याआधी मी माझ्या हाताला दोष देत होतो.

पण कोकणात पावसाळ्यात रेकॉर्डिंग करायचं तर खरी लढाई हवेशी आणि आवाजांशी. आमच्या माजघरातल्या मीटरवर त्या आठवड्यात आर्द्रता 88 टक्क्यांच्या खाली आली नाही. गिटारच्या लाकडाला 45 ते 55 मानवते. वरची फळी फुगते, तारा फ्रेटबोर्डपासून उंच जातात, बोटं दुखतात, खारी हवा तारांना चार दिवसांत गंज आणते. गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो आणि वाजवायच्या वेळीच काढतो. पेटीसमोर लावलेला कंडेन्सर माईक दुसऱ्या रात्री फुटाण्यासारखा फटफट करायला लागला, दमट हवेत कंडेन्सरला हे होतं, त्यालाही आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो. काकांच्या गळ्याला मात्र साधा डायनॅमिक माईक, तोंडापासून चार बोटांवर. डायनॅमिक जवळचंच जास्त ऐकतो, त्यामुळे बेडूक, रातकिडे आणि पडवीच्या पत्र्यावरचा पाऊस बराचसा बाहेर राहतो. समुद्राची गाज खालच्या सुरात असते, ती 90 हर्ट्झच्या खालचं कापून गेली. माईकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दांडीवर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या, चिऱ्याच्या भिंतींचा घुमा त्यांनी खाल्ला.

एक टेक लाइट गेलेली असताना झाला. अचानक फ्रिज गप्प, पंखा गप्प, आणि गिटारच्या लाइनमध्ये सारखी येणारी ती 50 हर्ट्झची घूंssही नाही, कारण लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवर. हेडफोनमध्ये नुसते काका, त्यांच्या पेटीच्या भात्याचा श्वास आणि लांब कुठेतरी कुत्रं. तेव्हापासून रेकॉर्डिंगला बसताना मी घराचा मेन स्विचच बंद करतो, काकू कंदील लावतात. फक्त बॅटरीवर लॅपटॉप पॉवर वाचवायला जातो तेव्हा आवाज तुटतो, ते सेटिंग हाय परफॉर्मन्सवर ठेवायचं.

शेवटचा टेक कंदिलाच्या उजेडातच झाला. हेडफोन काकांना एकाच कानावर हवा होता, दुसरा कान पेटीला. म्हणून पखवाज फक्त त्या एका बाजूलाच सोडला, नाहीतर उघड्या राहिलेल्या बाजूने तो माईकमध्ये शिरतो. या वेळी टकटक नव्हती, पखवाज होता, आणि तो त्यांच्याच लयीने चढत होता. ध्रुपदावर येताना ते नेहमीसारखे थांबले, पखवाजही थांबला, आणि समेवर दोघं एकत्र आले तेव्हा काकांनी डोळे मिटून मान हलवली, मंडळातल्या पखवाजवाल्याला द्यायचे तशी. माझ्या हातावर काटा आला होता, तो त्या उजेडातही दिसत होता.

माझी गिटार दुसऱ्या दिवशी परत घेतली, माईक बाराव्या फ्रेटसमोर एक वीतभर लांब, भोकासमोर नाही, तिथे नुसता धूम येतो. मग मिक्स करून मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, तपासलं कारण मंडपातला स्पीकर एकच आहे, आणि पेन ड्राइव्हवर टाकून काकांना ऐकवलं. पूर्ण ऐकलं त्यांनी, खाली बघत. मग दुसऱ्या अंतऱ्यावर बोट ठेवल्यासारखं म्हणाले, "हयसर मी जरा धावलंय. उद्या परत घेवया."

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच चाकरमानी आले, मुंबईहून अकरा माणसं, आणि दांडीवरच्या गोधड्या सगळ्या अंथरुणांत गेल्या. माईक डब्यात ठेवलाय. दुसऱ्या अंतऱ्याचे मार्कर तसेच आहेत, गौरी-गणपती झाले, माणसं परतली की काका पुन्हा बसणार आहेत.