एकही सूर चुकला नव्हता

समूहगानाच्या वर्गात हार्मनी, म्हणजे मूळ चालीसोबत एकाच वेळी दुसऱ्या सुरांवर गाणं, शिकवायला घेतली की मी सुरुवात तिसऱ्या सुरापासून करते. चाल सा वर असेल तेव्हा वरच्या आवाजाने ग धरायचा, चाल रे वर गेली की म, ग वर गेली की प. चाल हलेल तसं वरूनही हलायचं. सांगायला दोन वाक्यं लागतात, पण चांगला तयार गळासुद्धा चार-पाच सुरांनंतर घसरतो आणि नकळत मूळ चालीत जाऊन मिसळतो. शेजारी कुणी चाल गात असताना कान तिकडेच ओढला जातो.

म्हणूनच त्या दिवशीचा प्रकार माझ्या कायमचा लक्षात राहिला. एक विद्यार्थिनी वरचा आवाज घरून पक्का करून आली होती. दुसरीने चाल धरली, हिने वरून सुरू केलं आणि ती एकदाही घसरली नाही. तरी ऐकवत नव्हतं. पहिला सूर गोड, पुढचे दोन कडवट, मग दोन छान, पुन्हा दोन कडवट, शेवटचा परत गोड. आवाज कुठेही डळमळत नव्हता.

"ताई, मी बेसूर होतेय का?" तिचा चेहरा उतरला होता.

मी तिला एकटीला गायला सांगितलं. अगदी सुरेल! दोघी एकत्र आल्या की मात्र बिनसायचं.

"तू हे बसवलंस कसं?" मी विचारलं. तिने चाल स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली होती, मोबाइलवरच्या ॲपमध्ये ती चार अर्धसुरांनी (कीबोर्डवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धसूर) वर चढवली होती आणि ऐकून ऐकून पाठ केली होती. सा पासून ग पर्यंत चार अर्धसूर, हे तिने कीबोर्डवर मोजून घेतलं होतं. मोजणी बरोबर होती. मेहनतही खरी होती, आणि ते मी तिला आधी सांगितलं.

चालीचं वळण होतं सा रे ग प म ग रे सा. ते सगळं चार अर्धसुरांनी उचललं की सा वर ग येतो, इथपर्यंत ठीक. पण रे वर तीव्र म (शुद्ध म पेक्षा एक अर्धसूर वर) येतो आणि ग वर कोमल ध (शुद्ध ध पेक्षा एक अर्धसूर खाली). खाली शुद्ध सुरांची चाल आणि वर हे पाहुणे! प वर नी आणि म वर ध मात्र मुळातच चार अर्धसुरांवर असतात, म्हणून मधले दोन सूर पुन्हा जुळत होते. शुद्ध सप्तकात सा, म आणि प यांच्यावरचा तिसरा सूर चार अर्धसुरांवर सापडतो. रे, ग, ध आणि नी यांच्यावरचा तीनच. वरच्या आवाजाने सप्तकातले सूर मोजायचे असतात, कीबोर्डच्या पट्ट्या नव्हे. ॲपने तिला पूर्ण वेगळ्या सा मध्ये नेऊन ठेवलं होतं, आणि ती तिथे बिचारी प्रामाणिकपणे गात होती.

उपाय तिच्या गळ्यात आधीच होता. साग रेम गप मध पनी धसां हा पलटा, म्हणजे रियाजाची ठरावीक सुरावट, कुणी घोटलेला नसतो? मी चालवालीला सा रे ग म अशी संथ चढत जायला सांगितलं आणि हिला पलट्यातला फक्त दुसरा सूर धरायला. दोघींनी मिळून एकच पलटा गायला. रे वर म आला तेव्हा हिने चमकून माझ्याकडे पाहिलं.

मग मी तानपुरा लावला आणि त्यांना सा-ग वर थांबवून ठेवलं. हिचा ग कीबोर्डवरून आलेला, म्हणून किंचित चढा. दोन्ही आवाजांत मिळून एक बारीक थरथर ऐकू येत होती. कीबोर्डचा ग, सा च्या कंपनसंख्येशी ५:४ प्रमाणात असणाऱ्या नैसर्गिक ग पेक्षा अर्धसुराच्या साधारण सातव्या भागाने वर असतो. "जरा खाली, अजून जरा," म्हणत गेले आणि एका जागी थरथर थांबली. हे कळण्यासाठी चालीतल्या कुठल्याही सुरावर मध्येच थांबून तो लांबवावा लागतो. भरभर गाताना चूकही निसटते आणि गोडीही.

दुसऱ्या ओळीत अडचण आली. तिथे चाल प वर विसावते आणि साथीला सा-ग-प वाजतं. नियमाने वर नी यायला हवा, पण साथीतल्या सा ला तो खेटतो आणि विसाव्याच्या जागी ताण उभा राहतो. मी काही बोलायच्या आत ती तार सा वर गेली. "इथे नी टोचतोय. एक सूर वर गेले तर चालेल?" चालेल म्हणजे काय, तिथे तेच करतात! तिसऱ्याची शिस्त सरावासाठी. गाण्यात साथीचे सूर कानात ठेवून एखादी जागा चौथ्यावर न्यावी लागते.

वर्गातल्या एका खर्जातल्या आवाजाच्या मुलाला एवढं वर जाता येत नव्हतं. त्याला मी हिचीच ओळ एक सप्तक खाली दिली. तिसरा सूर खाली आला की चालीच्या खालचा सहावा होतो. पुढचा सगळा तास त्या दोघांनी आळीपाळीने तीच ओळ वरून आणि खालून गाण्यात घालवला.