कुरणातल्या शेणाचं काय?

"जनावरं कुरणात चरतात, तिथंच शेण टाकतात. त्यातून तापमान वाढवणारे वायू किती निघत असतील हो?" मी मातीतून निघणारे वायू मोजतो हे कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याची नजर शेणावर असते, माझी मुतावर.

शेणाचं आधी उरकतो. मिथेन तयार व्हायला ओली, हवा न शिरणारी जागा लागते. पातळ शेण टाकीत महिनोन्महिने साठवलं की ती आयतीच मिळते. कुरणातला पो मात्र उन्हावाऱ्यानं वाळतो, खपली धरतो, शेणकिडे त्यात बोगदे पाडतात. ओला असेपर्यंत थोडाफार मिथेन सुटतो, मग संपलं. (जनावराचा मुख्य मिथेन निघतो तो ढेकरांतून. तो विषय वेगळा.)

मुताची गोष्ट निराळी. गाय एका वेळी साधारण दोन लिटर मुतते आणि ते अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेत मुरतं. त्या ठिपक्यातल्या नायट्रोजनचा हिशेब हेक्टरी मांडला तर तो 500 ते 1000 किलो भरतो. एवढा नायट्रोजन कुठल्याच गवताला झेपत नाही. मुतातला युरिया एक-दोन दिवसांत फुटतो. काही भाग अमोनिया होऊन उडतो, उरलेल्याचं जिवाणू नायट्रेट करतात. पुढं पाऊस झाला, मातीतल्या फटी पाण्यानं भरल्या, की हवेला मुकलेले दुसरे जिवाणू नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर गुजराण करतात आणि नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापदायक.

मोजायचं कसं? जमिनीत कडं ठोकायचं, त्यावर डबा पालथा घालायचा आणि ठरावीक मिनिटांनी सिरिंजनं आतली हवा काढायची. कडं ठिपक्यावर बसलं तर आकडा उसळतो, हातभर बाजूला बसलं तर जवळजवळ काहीच नाही. म्हणून एका डब्यावरून अख्ख्या कुरणाचा निकाल लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2006च्या मार्गदर्शिकेत गाईगुरांच्या शेणमुतातला 2 टक्के नायट्रोजन थेट नायट्रस ऑक्साइडच्या रूपात जातो असं धरलं होतं. 2019च्या सुधारणेत तो आकडा 0.4 टक्क्यावर आला. ओल्या हवामानात 0.6, कोरड्यात 0.2. गाई सुधारल्या नाहीत, मोजण्या वाढल्या.

"मग गोठ्यातच बांधावीत का?" हा पुढचा प्रश्न. सरसकट नाही. शेणमूत टाकीत साठवलंत तर कुरणात वाचवलेलं मिथेनच्या रूपात परत मोजावं लागेल. मातीत पाणी तुंबलेलं असेल तेवढे दिवस जनावरं चिखलात सोडू नयेत आणि चाऱ्यात गरजेपेक्षा जास्त प्रथिनं घालू नयेत, कारण जादा नायट्रोजन मुतातूनच बाहेर येतो. नायट्रेट बनणं रोखणारं डीसीडी हे रसायन न्यूझीलंडमध्ये कुरणांवर फवारलं जायचं. त्याचा अंश दुधात सापडला आणि 2013मध्ये विक्री थांबली.