परिषदेहून परतलेल्या मुलांमध्ये नेमके काय बदलते?

जागतिक प्रश्नांवरील विद्यार्थी परिषदांचा मुलांवर काय परिणाम होतो हे ठरवण्यासाठी आपल्याकडे बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्मपलीकडे काहीही नसते, आणि त्या फॉर्मवरून कळते ते एवढेच, की मुलांना परिषद आवडली. रायगड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवताना आणि नववी-दहावीच्या मुलांना ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’साठी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाच्या धर्तीवर चालणाऱ्या विद्यार्थी परिषदेसाठी, तयार करताना हे अपुरेपण मला सतत खुपत आले आहे. पालक पदरमोड करून शुल्क भरतात, शाळा तासिका सोडते. मग मुलांच्या पदरात काय पडले, हे तपासायला नको का?

हा प्रकार नवा नाही. हार्वर्डमधील शालेय विद्यार्थ्यांची परिषद 1953 पासून आणि हेगची 1968 पासून भरते. भारतातही आता मोठ्या शहरांतल्या अनेक शाळा अशा परिषदा भरवतात. प्रत्येक मुलाला एक देश मिळतो, त्या देशाची भूमिका मांडणारा पोझिशन पेपर तो लिहितो, समितीत भाषण करतो, वाटाघाटी करतो आणि शेवटी ठरावावर मतदान होते.

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेली चौकट मला इथे फार उपयोगी वाटते. सहभागींना कार्यक्रम कसा वाटला, ते काय शिकले, त्यांच्या वागण्यात काय उतरले आणि त्यातून पुढे काय निष्पन्न झाले, अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. आपण पहिल्याच पायरीवर थांबतो. ‘माझा आत्मविश्वास वाढला’ या विधानापुढे खूण करणारे मूल खोटे बोलत नसते. परंतु बक्षीस समारंभानंतर तासाभरात केलेली ती खूण तीन महिन्यांनीही तशीच राहील, असे मानायला आधार नाही.

याहून अवघड अडचण निवडीची आहे. परिषदेला आपण कोणाला पाठवतो? जे आधीच धिटाईने बोलतात, वर्तमानपत्र वाचतात आणि ज्यांच्या घरी शुल्क परवडते, अशांना. परतल्यावर ती मुले वर्गात चमकली, तर त्याचे श्रेय परिषदेला किती आणि मुळातल्या तयारीला किती, हे केवळ त्यांच्याकडे पाहून सांगता येत नाही. त्याच वर्गातील, साधारण त्याच तयारीच्या पण परिषदेला न गेलेल्या मुलांना तेच प्रश्न, परिषदेपूर्वी आणि नंतर, विचारल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. शाळेच्या पातळीवर अशा मुलांची संख्या लहान असते, त्यामुळे टक्केवारी काढण्यापेक्षा उत्तरे शब्दशः वाचणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

असे एक उदाहरण इथे सविस्तर सांगतो. आमच्या एका विद्यार्थिनीला हवामानविषयक समितीत बांगलादेश मिळाला होता. 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत गरीब देशांच्या हानीभरपाईसाठी निधी उभारण्याचे ठरले. त्यावर तिने चांगली तयारी केली आणि भाषणही उत्तम केले. मात्र त्या भाषणापेक्षा महत्त्वाची गोष्ट काही आठवड्यांनी भूगोलाच्या तासाला घडली. 3 जून 2020 रोजी आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा विषय निघाल्यावर तिने विचारले, की पंचनाम्यात नुकसान हेक्टरवर मोजायचे की झाडांवर, कारण वाडी काही गुंठ्यांचीच असते, पण तीत नारळ-सुपारी दाट असते आणि नव्याने लावलेले झाड धरायला वर्षे जातात. नुकसान कोण मोजतो, कोणत्या मापाने मोजतो आणि त्यात कोणाचे हित सुटते, हा ढाक्याचा प्रश्न तिने श्रीवर्धनच्या वाडीत ओळखला होता. परिणाम म्हणतात तो हा. कोणत्याही फीडबॅक फॉर्ममध्ये तो आला नसता.

शालेय विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2018 साली ‘जागतिक क्षमता’ तपासली गेली, तेव्हाही स्थानिक आणि जागतिक प्रश्नांचा वेध घेणे आणि इतरांचे दृष्टिकोन समजून घेणे हे तिचे महत्त्वाचे घटक होते. आपल्याकडे 1993 पासून चालणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद मॉडेल युनायटेड नेशन्सच्या उलट वाटेने जाते: मुले आपल्या परिसरातला प्रश्न निवडतात, प्रत्यक्ष माहिती गोळा करतात आणि मग व्यासपीठावर येतात. माझ्या मते मॉडेल युनायटेड नेशन्सने तिच्याकडून हे जरूर घ्यावे. पोझिशन पेपरबरोबर गावातल्या त्याच प्रश्नाची एक पानभर नोंद मागितली, तर इंटरनेटवरून उतरवलेल्या मजकुराचे प्रमाण नक्की घटेल.

भाषेचा मुद्दा तर टाळताच येत नाही. परिषदेचे कामकाज इंग्रजीत चालते आणि ‘बेस्ट डेलिगेट’चा मान बऱ्याचदा अस्खलित बोलणाऱ्याकडे जातो. मूल्यमापनही इंग्रजीतच केले, तर मराठी माध्यमाच्या मुलाची समज न मोजता आपण त्याचे इंग्रजीच पुन्हा एकदा मोजतो. म्हणून परिषदेपूर्वीचे आणि तीन महिन्यांनंतरचे प्रश्न आम्ही मराठीतच देणार आहोत, आणि उत्तरे तपासणाऱ्या शिक्षकाला कोणते मूल परिषदेला गेले होते हे कळू देणार नाही.