तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: गच्ची माझी नाही

"पुण्यात एवढं ऊन पडतं, तुम्ही लाँड्रीवर सोलर का बसवत नाही?" कपडे न्यायला येणारी माणसं हे मला सतत विचारतात. काही जण मोबाइल पुढे करून तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैच्या विनीशा उमाशंकरचा व्हिडिओ दाखवतात. शाळेत असतानाच तिने इस्त्रीच्या हातगाडीवर सौर पॅनल बसवायची कल्पना मांडली, आणि 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ती मोठमोठ्या नेत्यांसमोर बोलली. "शाळकरी मुलीला सुचतं, मग तुमचं कुठे अडलंय?" काउंटरवर गर्दी असते, मी "बघू" म्हणतो आणि पावती फाडतो. ते उत्तर नव्हे हे मलाही कळतं. म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी हिशेब. वर्षाची सरासरी धरली तर पुण्यात 1 किलोवॉटचं पॅनल दिवसाला साधारण 4 युनिट देतं आणि बिनसावलीची सुमारे 100 चौरस फूट जागा घेतं. वाफेच्या इस्त्रीचा बॉयलर, धुलाईची मशिनं, हायड्रो (म्हणजे कपडे गरगर फिरवून पाणी काढणारं यंत्र), ड्रायर, पंखे, दिवे असं सगळं मिळून आमच्याकडे रोज 32 युनिटांच्या आसपास वीज जाते. म्हणजे 8 किलोवॉट आणि 800 चौरस फूट. दुकान आहे 250 चौरस फुटांचं, चार मजली इमारतीच्या तळाला, भाड्याचं. गच्ची सोसायटीची. 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, तिच्यात 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते घराला. लाँड्रीचं मीटर व्यावसायिक. आपल्या बंगल्यावर पॅनल बसवलेली माणसं आपुलकीने सांगतात, "अहो, सरकार पैसे देतं!" त्यांच्यापुरतं ते खरंच आहे.

एवढं सांगितलं की समोरच्याला वाटतं, हा मुळात नको म्हणणारा माणूस आहे. ते मात्र मला लागतं. कारण आमच्या जुन्या दुकानावर सौर बंब होता, 500 लिटरचा, आणि तो मी कर्ज काढून बसवला होता. त्या काळात आमच्या धंद्यातल्या लोकांच्या बैठकीत उठून मी म्हणायचो, "परवडत नाही म्हणणाऱ्याने अजून कागद-पेन हातात घेतलेलं नाही." आणि कागदावर मांडूनही दाखवायचो: 500 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 20 युनिट ऊर्जा लागते. गॅसने न्या नाहीतर विजेने न्या, पैसे मोजावेच लागतात. उन्हाचं बिल येत नाही. पैसे वसूल व्हायला चार वर्षं, त्यानंतर दहा वर्षं फुकट.

तो हिशेब आजही कुणी खोडून दाखवावा.

जुनं दुकान कोथरूडला होतं. तीन मजली सोसायटी, वर सभासदांची घरं, खाली चार गाळे. आमच्या गाळ्याचे मालक सभासद, आम्ही त्यांचे भाडेकरू, करार दर तीन वर्षांनी नवा होई. बंबासाठी मी मालकांचं संमतीपत्र घेतलं, सोसायटीची लेखी परवानगी घेतली, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागू नये म्हणून स्टँडखाली स्वतःच्या पैशाने सिमेंटचे ओटे करून घेतले. सिलिंडर किती दिवस पुरतो याची बायकोने वेगळी वही ठेवली होती. पहिल्या उन्हाळ्यात ती वही ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. सगळं गोडच होतं असं नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार टाकीत धरायचे, ती साफ करून घ्यावी लागे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जेमतेम कोमट व्हायचं. पण ऑक्टोबर ते मे गॅसला हात लावावा लागत नसे म्हटलं तरी चालेल. बंबाच्या शेजारी आमच्या दोऱ्या होत्या. दवाखान्याच्या चादरी, हॉस्टेलची अंथरुणं, सगळं वर वाळायचं.

मग सोसायटी पुनर्विकासाला निघाली. त्यात वावगं काही नव्हतं. इमारत जुनी झाली होती, लिफ्ट नव्हती, वरच्या मजल्यावरच्या आजी जिना उतरू शकत नव्हत्या. सभेला मी गेलो तो बंबाचं विचारायला. सेक्रेटरी चांगले गृहस्थ, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. ते म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे हो, पण तुम्ही सभासद नाही. तुम्हाला बोलायला देता येत नाही." सहकार कायद्याच्या कलम 79 अ खालचे पुनर्विकासाचे निर्देश आहेत, त्यात मत सभासदाचं. मालकांना नवा गाळा मिळणार होता, मधल्या काळाचं भाडं मिळणार होतं. आमचा करार संपत आलेला. तो संपला की जागा रिकामी करून द्यायची, कायदा सरळ आहे. मी सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि सगळी सभा ऐकली. पार्किंगवर तासभर चर्चा झाली. गच्चीवरच्या बंबाचा उल्लेख एकदा आला, "अडथळे काढून घेणे" या मथळ्याखाली.

बंब सोबत न्यायचा मी खूप प्रयत्न केला. दाखवायला नेलेल्या प्रत्येक गाळ्यावर मी आधी गच्चीचं विचारायचो, आणि एजंट वैतागायचा. कुणी म्हणे स्लॅबवर वजन नको, कुणी म्हणे गळती झाली तर कोण बघणार, कुणी म्हणे एकाला दिलं की सगळे मागतील. शेवटी ज्या दिवशी पाणी-वीज तोडणार होते त्याच्या आदल्या दिवशी बंब उतरवला. बसवून देणाऱ्याने उतरवायचे पैसे इतके सांगितले की मी, माझा मुलगा आणि दुकानातला पोरगा, आम्हीच दोर लावला. काचेच्या निर्वात नळ्या एकेक काढून पोत्यात गुंडाळल्या, तरी जिन्यात एक पोतं आपटलं आणि आतल्या आत फटाफट फुटलं. मुलाच्या तळहाताला काच लागली. भंगारवाला आला, त्याने टाकी आणि स्टँड वजनावर घेतलं. उरलेल्या नळ्या चांगल्या आहेत असं मी त्याला समजावत होतो. तो म्हणाला, "काच आम्ही धरत नाही, साहेब." कर्जाचे हप्ते फिटून थोडेच महिने झाले होते. फुकटची दहा वर्षं सुरू झाली होती, ती तिथेच संपली. बायकोने वही टाकून दिली. मी ती परत उचलून आणली तेव्हा आमचं जोराचं भांडण झालं, कारण तिच्या मते मी अजूनही बंबाचंच धरून बसलो होतो आणि तिला पुढच्या महिन्याच्या भाड्याची काळजी होती. दोघांचंही खरं होतं.

आता सांगा, माझ्या हिशेबात काय राहिलं होतं? युनिटं बरोबर, दर बरोबर, ऊन बरोबर. वसुलीला चार वर्षं आणि करार तीन वर्षांचा, एवढी एकच ओळ नव्हती. लहान दुकानांचे करार 11 महिन्यांचेही असतात. सोलरची सगळी माहितीपत्रकं जागेच्या मालकाला उद्देशून लिहिलेली असतात. महापालिका मिळकतकरात सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारणासाठी 5 ते 10 टक्के सवलत देते, तीही राहत्या मिळकतीच्या मालकाला. आणि शहरात सेवा देणारे आम्ही, म्हणजे लाँड्री, सलून, शिंपी, झेरॉक्स, खानावळ, बहुतेक दुसऱ्याच्या छपराखाली असतो.

म्हणून नव्या जागेत मी एकच चाळणी लावली: टेम्पोत घालून नेता येईल तेच घ्यायचं. त्या चाळणीतून बरंच काही खाली आलं, आणि जे आलं त्याचे व्हिडिओ कुणी पाठवत नाही. सगळ्यात मोठा फायदा हायड्रोचा झाला. 1 लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 0.7 युनिट लागतं. 10 किलो चादरी हाताने पिळल्या तर त्यांच्यात साधारण त्यांच्या वजनाइतकं पाणी राहतं. चांगल्या वेगाच्या हायड्रोतून ते निम्म्यावर येतं. म्हणजे 5 लिटर पाणी ड्रायरला उडवावं लागत नाही, साडेतीन युनिटं वाचतात, आणि 2 हॉर्सपॉवरची मोटर पाच-सहा मिनिटं चालवायला पाव युनिटसुद्धा लागत नाही. लहान लाँड्रीवाल्याने आधी काय घ्यावं असं मला विचाराल तर जुना थरथरणारा हायड्रो बदला, असं सांगेन. शेवटी कपडे विसळलेलं पाणी एका टाकीत साठवून पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरतो. वाफेच्या नळीला इन्सुलेशन गुंडाळलंय. 75 वॉटचे पंखे जाऊन कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, 30 वॉटचे बीएलडीसी पंखे आले. घरपोच कपडे इलेक्ट्रिक स्कूटरवर जातात. उद्या जागा सोडावी लागली तर हे सगळं एका खेपेत निघेल.

आणि ज्या मुलीचा व्हिडिओ तुम्ही मला दाखवता, तिने तर पॅनल गाडीवरच बसवलं. जिन्याखाली, फुटपाथच्या कडेला कोळशाची इस्त्री चालवणाऱ्याला छप्पर नसतं, हे तिला बरोबर दिसलं. माझा बॉयलर त्या गाडीवर चालणार नाही, पण तिची बाजू आणि माझी बाजू एकच आहे. जर्मनीत भाडेकरू बाल्कनीच्या कठड्याला छोटी पॅनलं टांगतात, 800 वॉटपर्यंतच्या इन्व्हर्टरला तिथे सोपी नोंदणी पुरते, आणि 2024 पासून घरमालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. असं काही आपल्याकडे आलं तर दुकानाच्या शेडवर मी दुसऱ्या दिवशी पॅनल लावीन.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. इतकं करूनही आज आमची युनिटं जुन्या दुकानापेक्षा जास्त जातात. पाणी विजेवर तापतं आणि नव्या सोसायटीत धंद्याचे कपडे गच्चीवर वाळत घालायला मनाई आहे. पुण्यात वर्षाचे आठ महिने दोरीवर चादर तासा-दोन तासात वाळते, आणि मी ती ड्रायरमध्ये घालतो. पर्यावरणाच्या दृष्टीने मी होतो त्यापेक्षा मागे आलोय. ड्रायक्लीन आम्ही बाहेर देतो, तिथल्या रसायनांचा हिशेब तर मी कधी माझ्या नावावर धरलाच नाही.

बायको म्हणते, ही टेम्पोची चाळणी म्हणजे भीती आहे. ज्याला कायम निघायचंच आहे तो मोठं काही उभं करणार नाही, आणि सगळेच असे वागले तर शहरात काही बदलणार नाही. तिच्या या बोलण्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. जुना मी तिच्याच बाजूने बोलला असता.

सध्या करार पुन्हा करायची वेळ आलीय. यावेळी मी मालकांना एक कलम घालायला सांगितलंय: सोसायटीने परवानगी दिली तर गच्चीवर सौर बंब माझ्या खर्चाने बसेल, आणि ठरलेल्या चार वर्षांच्या आत जागा सोडायला लावली तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात पैसे मालक परत देतील. एजंट म्हणतो, असं कलम त्याने आजवर कुठल्या करारात पाहिलेलं नाही. मालकांचं म्हणणं असं की उद्या सोसायटीच पुनर्विकासाला गेली तर ते तरी एकटे काय करणार, एका सभासदाचं मत ते किती? हेही चुकीचं नाही. सही अजून झालेली नाही.