पंक्तिप्रपंच आणि एक नदी

६ जुलै २०२५ रोजी आषाढी एकादशी होती, आणि त्याच दिवशी फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या डिस्नेच्या उद्यानातली नदी कायमची बंद होणार होती. न्यू जर्सीहून ऑर्लँडोला आम्ही चौघे, म्हणजे माझी आई, मी, माझा नवरा आणि अकरा वर्षांचा मुलगा, केवळ या एका कारणासाठी गेलो होतो. ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ असे तिचे नाव. टॉम सॉयर बेटाला वळसा घालणारा हा माणसांनी खोदलेला प्रवाह १९७१ मध्ये उद्यानाबरोबरच सुरू झाला. त्यावर ‘लिबर्टी बेल’ ही मागे मोठे तांबडे चाक असलेली पांढरी आगबोट फिरत असे. त्या जागी आता ‘कार्स’ या चित्रपटावर बेतलेला नवा विभाग उभा राहणार, हे कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्येच जाहीर केले होते. बातमी वाचली त्या रात्री मी आईला फोन केला. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, “तुझ्या बाबांची बोट ना ती?”

बाबा भुसावळच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. वाफेची इंजिने रुळांवरून कायमची उतरताना त्यांनी पाहिली होती आणि त्याविषयी ते फारसे बोलत नसत. निवृत्तीनंतर २००९ मध्ये ते आईसोबत आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही त्यांना ऑर्लँडोला नेले. राजवाडा, मिरवणूक, मिकी हे सर्व त्यांनी आमच्या समाधानासाठी पाहिले. परंतु उद्यानाभोवती फिरणाऱ्या आगगाडीची शिट्टी कानावर आली आणि ते जागच्या जागी थांबले. त्या गाडीची चारही इंजिने फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८ या काळात तयार झालेली आहेत, आणि डिस्नेने ती १९६९ मध्ये मेक्सिकोतील युकातानहून विकत आणून नव्याने बांधून घेतली, हे स्थानकावरच्या कर्मचाऱ्याने सांगितले, तेव्हा बाबांनी मला भाषांतर करायला लावले, “त्यांना सांग, आमच्या रेल्वेच्या वाफेवरच्या डब्ल्यूपी इंजिनांची पहिली खेपसुद्धा १९४७ साली बाल्डविनहूनच आली होती.” तो माणूस आपली टोपी काढून बाबांशी हात मिळवायला खाली उतरला. त्यानंतर आम्ही आगबोटीत बसलो. बाकीचे लोक वरच्या मजल्यावर देखावा पाहत होते. बाबा मात्र खालच्या मजल्यावर मागे जाऊन चाक फिरवणाऱ्या दांड्यांकडे टक लावून उभे राहिले. बॉयलर खरा, वाफ खरी, आणि बोट पाण्याखालच्या रुळावरून चालते हे कळल्यावर ते म्हणाले, “म्हणजे ही पण रेल्वेच झाली.” त्या दिवशी त्यांनी चार फेऱ्या केल्या. बाबा २०१७ मध्ये गेले.

मी या कंपनीवर जीव टाकत आले, त्याचे मूळ दूरदर्शनवर हिंदीतून लागणाऱ्या तिच्या कार्टूनांत असेल. पण विश्वास बसला तो त्या २००९ च्या सहलीत. विमानतळावरून हॉटेलपर्यंत नेणारी ‘मॅजिकल एक्सप्रेस’ ही बस विनामूल्य होती, आणि घरून पिवळे लेबल लावून पाठवलेल्या बॅगा परस्पर खोलीत पोहोचत. बाबा त्या बॅगांकडे कितीतरी वेळ पाहत राहिले होते. उद्यानात ‘फास्टपास’ची यंत्रे होती. प्रवेशाचे तिकीट त्यात सरकवले की एक कागद बाहेर येई. त्यावर छापलेल्या वेळेला परत आले की लहान रांगेतून आत सोडत. हा कागद फुकट होता आणि सर्वांसाठी सारखाच होता. ज्याने सकाळी लवकर उठून यंत्र गाठले त्याला तो मिळे. कोणाच्या खिशात किती पैसे आहेत याचा त्याच्याशी संबंध नव्हता. बाबांना ही व्यवस्था फार आवडली. “पंगतीत वाढावे तसे वाढतात,” असे ते म्हणाले होते.

हे वाक्य माझ्या मनात इतकी वर्षे राहिले, कारण आमच्या घरात पंक्तिप्रपंचाइतके लाजिरवाणे दुसरे काही मानले जात नसे. एका पंगतीत बसलेल्या एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडा भात वाढणाऱ्या घरी आजोबा पुन्हा जेवायला गेले नाहीत. डिस्नेची माणसे आपल्या गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात, आणि हा शब्द मी नेहमी शब्दशः घेत आले. पैसे ते पूर्वीही घेतच होते. १९७१ मध्ये उद्यान उघडले तेव्हा साडेतीन डॉलरचे प्रवेशशुल्क होते आणि आतल्या खेळांसाठी ए पासून ई पर्यंतची वेगळी कुपने लागत, जी १९८२ मध्ये बंद झाली. परंतु रांगेतली जागा विकायला ठेवलेली नव्हती.

मार्च २०२० मध्ये उद्याने बंद झाली आणि त्यांच्यासोबत थांबलेला फास्टपास परत आलाच नाही. ऑक्टोबर २०२१ पासून त्याच्या जागी माणशी दिवसाला पंधरा डॉलर घेणारी ‘जीनी प्लस’ ही सेवा आली. वर्षभरात तिचा दर गर्दीप्रमाणे बदलता झाला आणि जुलै २०२४ मध्ये नाव बदलून तिचे ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ झाले. मॅजिकल एक्सप्रेस जानेवारी २०२२ मध्ये बंद पडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बॉब चॅपेक यांना दूर करून बॉब आयगर यांना प्रमुखपदी परत आणले, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. हॉटेलांतल्या रात्रीच्या वाहनतळाचे शुल्क त्यांनी रद्द केल्यावर ती आशा आणखी वाढली. त्याच आयगर यांच्या कारकिर्दीत, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ‘प्रीमियर पास’ आला, म्हणजे वेळ न ठरवता लहान रांगांतून आत सोडणारा पास. सुरुवातीला त्याचा दर एका माणसाला एका दिवसासाठी एका उद्यानात १२९ ते ४४९ डॉलर होता, तेही प्रवेशाच्या तिकिटाव्यतिरिक्त, आणि ते तिकीटही आता गर्दीच्या काही दिवसांत दोनशे डॉलरच्या वर गेले आहे. केबल वाहिन्यांचे उत्पन्न घटत चालले, ऑनलाइन चित्रपटसेवेत अनेक वर्षे तोटा सोसला, आणि कंपनीच्या नफ्याचा निम्म्याहून अधिक भार उद्याने व सहलीची जहाजे यांच्यावर येऊन पडला, हे कारण मला समजते. समजूनही माझे दुःख कमी झालेले नाही.

५ जुलैचा दिवस मला सांगावासा वाटत नाही, परंतु सांगितला पाहिजे. पीटर पॅनच्या उडत्या जहाजांसमोर दोन रांगा होत्या, आणि पैसे भरलेल्यांची रांग आमच्या डोळ्यांदेखत झपाझप पुढे जात होती. भाड्याच्या व्हीलचेअरवर बसलेल्या आईने विचारले, “हे लोक आपल्या मागून आले ना गं?” माझा मुलगा या काळातच वाढलेला आहे, त्यामुळे त्याने आजीला अगदी सहजपणे समजावून सांगितले की त्यांनी पैसे दिले आहेत. त्याच्या आवाजात आश्चर्य नव्हते, हेच मला सर्वांत अधिक लागले. उन्हाने आईचा चेहरा लाल झाला होता. मी फोन काढला आणि चौघांसाठी शंभराहून अधिक डॉलर भरले. दुपारभर आम्ही त्या दुसऱ्या रांगेतून गेलो, आणि अवघडून उभ्या असलेल्या लोकांच्या शेजारून जाताना मी कोणाच्याही नजरेला नजर देऊ शकले नाही. कोणी मला सल्ला विचारला, की वयस्कर माणसांना घेऊन जाताना हे पैसे भरावेत का, तर मी भरा असेच सांगेन; आणि तसे सांगताना मला आजोबांची आठवण येईल.

एकादशीच्या सकाळी आईने हॉटेलच्या खोलीत राजगिऱ्याचे लाडू आणि केळी पिशवीत घेतली, आणि उद्यान उघडताच आम्ही सरळ धक्क्याकडे निघालो. एरवी ही बोट अर्धी रिकामी जात असे. लोक तिच्यात पाय मोकळे करायला, बाळाला झोपवायला, नाही तर उन्हातून सावलीत बसायला येत. त्या दिवशी रांग धक्क्याबाहेर दूरवर गेली होती. त्यात पिकलेल्या केसांची जोडपी होती, आपल्या लहानपणीची छायाचित्रे हातात धरून आलेल्या बायका होत्या, आणि आमच्यापुढे एक गृहस्थ मुलीला सांगत होते की १९८३ मध्ये तिच्या आजीने त्यांना याच कठड्याशी उभे केले होते. आई म्हणाली, “आज चंद्रभागेला गर्दी, आणि इथेही.” बराच वेळ उभे राहिल्यावर माझ्या लक्षात आले की या बोटीला लायटनिंग लेन नव्हतीच. पैसे भरून पुढे जाण्याची सोय इथे कधी केलीच गेली नव्हती, कारण इतकी वर्षे तशी गरज कोणाला भासली नव्हती. त्या संपूर्ण सहलीत मला सापडलेली ही एकच रांग होती, जिच्यात सगळे एकामागे एक उभे होते.

आईला वरच्या मजल्यावर जायचे नव्हते. व्हीलचेअर खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला नेऊन आम्ही तिथेच थांबलो, जिथे बाबा उभे होते. शिट्टी झाली तेव्हा बोटीवरचे सर्व बोलणे थांबले. दांडे पुढे-मागे होऊ लागले, चाकाने पहिले पाणी उचलले, आणि गरम तेलाचा तो वास आला जो बाबांच्या कामाच्या कपड्यांना भुसावळच्या घरी येत असे. आईने डोळे मिटून घेतले. एका वळणावर पाच महिन्यांहून अधिक काळ दुरुस्तीसाठी बंद असलेला ‘बिग थंडर’ हा खेळगाडीचा डोंगर निःशब्द उभा होता. बेटावर पिंपांचा पूल लोकांनी भरलेला होता आणि तिथली मुले आम्हाला हात हलवत होती. माझ्या मुलाने इंजिनाकडे पाहत विचारले, “आजोबांना हे सगळं दुरुस्त करता आलं असतं?” आई डोळे न उघडता म्हणाली, “आलं असतं की.”

सतरा-अठरा मिनिटांत फेरी पूर्ण झाली. धक्क्यावरची कर्मचारी मुलगी प्रत्येकाचा निरोप घेत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. या माणसांविषयी माझ्या मनात कधीही किंतु आला नाही, आणि आजही नाही. सर्वजण उतरेपर्यंत आई थांबली. मग खुर्चीतून उठली, दोन्ही हातांनी बोटीच्या कठड्याला स्पर्श केला, ते हात कपाळाला लावले आणि माझ्या खांद्याचा आधार घेत खाली आली. मागे साखळी पुन्हा उघडली गेली आणि पुढच्या फेरीची माणसे एकेक करून आत जाऊ लागली.