आत्याचे टाळ

गड्डा आटोपला, सिद्धेश्वराच्या यात्रेतले पाळणे उतरले, की आत्या माळ्यावरची वारीची पिशवी खाली काढायची. "आषाढी सगळ्या जगाची, माघी आपली," असं म्हणायची. यंदा पिशवी मी काढली. आत्या भाद्रपदात गेली.

पिशवीत तिचे टाळ होते, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेले. दोरीची टोकं उसवू नयेत म्हणून तिनं त्यांवर विडीचा गुलाबी दोरा घट्ट गुंडाळलेला. पस्तीस वर्षं विड्या वळल्या तिनं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. पान मापात कातरायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार. हाताचा वास साबणानं जायचा नाही. मी लहानपणी त्याच वासात झोपी जायचे. माझी पुस्तकं, पहिली सायकल, बारावीची फी, सगळं त्या हजारांतून आलं.

सोलापूर ते पंढरपूर मंगळवेढ्यामार्गे साधारण 80 किलोमीटर. आमची दिंडी लहान, चार दिवसांत पोचते. तिऱ्ह्याला सीना ओलांडली तोवर पायांना काही वाटलं नाही. कामतीपर्यंत दोन्ही टाचांना फोड. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, आत्या बांधून द्यायची तशीच. पण तिची भाकरी कागदासारखी पातळ असायची, माझी जाड झाली. मालदांडी ज्वारीची शेतं दोन्ही बाजूंना कणसांवर आलेली. एका शेतकऱ्यानं बांधावर बोलावून हुरडा दिला. आत्या असती तर पहिली मूठ टाळांवर ठेवली असती. मी ठेवली.

माचणूरला भीमेच्या घाटावर बसले. इथं ती दरवर्षी पाण्यात पाय सोडायची आणि म्हणायची, "हे पाणी विठोबाचे पाय धुऊन आलंय पोरी. आपण उलट्या वाटेनं त्याच्याकडं चाललोय." तिची रक्षा आम्ही चंद्रभागेत सोडली होती. तीच नदी खाली इथवर येते. मी पाण्यात पाय सोडू शकले नाही. ओंजळ भरून डोळ्यांना लावली आणि उठले.

उठताना टाळ हातातून निसटले. पायरीवर आपटले नि दोऱ्याचं टोक सुटलं. पाहता पाहता सगळे वेढे ढिले. मी पुन्हा गुंडाळायला गेले, पण जमेना. आत्या टोकाला गाठ मारायची नाही, नखानं कुठंतरी आत सारायची. इतकी वर्षं समोर बसून पाहिलेलं, आणि हाताला काही येत नव्हतं. फडक्यात टाळ गुंडाळले आणि मंगळवेढ्यापर्यंत टाळांशिवाय चालले. तेवढं अंतर मला सगळ्यात लांब वाटलं.

मंगळवेढ्यात चोखोबा गेले. 1338 साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरची माणसं तिच्याखाली गाडली गेली. नामदेव महाराज आले, तेव्हा त्या ढिगाऱ्यात चोखोबांच्या अस्थी ओळखायच्या कशा? एकेक हाड कानाला लावलं, आणि ज्यातून 'विठ्ठल' ऐकू आलं ते वेचलं, असं वारकरी सांगतात. ही गोष्ट आत्या मुक्कामावर दरवर्षी सांगायची. दरवर्षी 'कानाला लावलं' म्हणताना स्वतःच्या कानाशी हात न्यायची.

त्या रात्री मी कोपऱ्यात बसून पुन्हा दोऱ्याशी झटत होते. शेजारच्या मावशी वाकून बघायला लागल्या. "काय करलालीस गं?"

टाळ दाखवले.

"विडीचा दोरा हाय की ह्यो." त्यांनी टाळ मांडीवर घेतले. अंगठ्यानं दोरी दाबली, झरझर वेढे घेतले, टोक नखानं आत सारलं. डोळे दुसरीकडंच. तसंच, अगदी तसंच. मी त्यांचा हात धरला आणि नाकाशी नेला. तंबाखूचा वास.

"काय गं, रडलालीस काय?"

मला बोलता येईना. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या टोकावरचा दोराही सोडला, नव्यानं बांधला आणि टाळ माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "वाजव बघू."

दशमीला दुपारी पंढरीत पोचलो. नामदेव पायरीपाशी गर्दी होती, तरी चोखोबांच्या समाधीसमोर क्षणभर उभं राहायला मिळालं. आत्या इथं टाळ समाधीला टेकवायची. मी टेकवले. मग कानाशी नेले आणि हळूच एकावर एक वाजवले.