तुम्ही विचारलंत म्हणून: भाडं कार्डाने भरावं का?

आईला विमानात बसवून आणलं तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. ऑफिसात विचारतात, लग्नकार्यात विचारतात, परवा साळवी स्टॉपला रिक्षाची वाट बघत असताना एका जुन्या मैत्रिणीने विचारलं. "तू म्हणे घराचं भाडं क्रेडिट कार्डाने भरायचीस आणि त्या पॉइंटांवर फुकट फिरलीस. आम्हालाही सांग की!" उभ्याउभ्या उत्तर देते ते नेहमी अर्धवट राहतं, म्हणून आज सगळं लिहून काढते.

प्रवास झाला हे खरं. फेब्रुवारी 2023 मधे आम्ही दोघी रत्नागिरीहून मांडवी एक्सप्रेसने गोव्यात थिवीला उतरलो, तिथून टॅक्सीने मोपा, आणि मोपाहून बंगळूरला भावाकडे. मोपाचा विमानतळ नुकताच सुरू झाला होता. विमान वर चढत असताना आईने माझा हात जो धरला तो खाली उतरेपर्यंत सोडला नाही. त्या तिकिटांतले चार हजार रुपये पॉइंटांतून, म्हणजे कार्डावर खर्च केला की बँक बक्षीस म्हणून देते त्यातून, वळते झाले. फुकट मात्र काहीच नव्हतं.

मी रत्नागिरीत भाड्याने राहते. चिऱ्याचं जुनं घर, खाली घरमालकीण काकू एकट्या, माडीवरच्या दोन खोल्या माझ्या. भाडं 10,000. काकूंकडे कार्ड घासायचं मशीन असायचं कारण नाही, म्हणून मधे एक ॲप होतं. माझ्या कार्डावरून पैसे घ्यायचं, आपला 1 टक्का आणि त्यावर 18 टक्के जीएसटी कापायचं, आणि काकूंच्या खात्यात भाडं भरायचं. म्हणजे महिन्याला 118 रुपये वर. माझ्या कार्डाला शंभर रुपयांमागे 2 पॉइंट मिळायचे आणि एका पॉइंटचे 25 पैसे. दहा हजारांवर 200 पॉइंट, म्हणजे 50 रुपये. 118 देऊन 50 घ्यायचे, हा तर सरळ तोट्याचा सौदा.

मग मी तो का केला? कार्डाच्या वार्षिक टप्प्यासाठी. वर्षात तीन लाखांचा खर्च कार्डावर झाला की 10,000 पॉइंट वरून मिळणार होते. माझा बाकीचा खर्च, किराणा, लाइटबिल, विम्याचा हप्ता धरून, महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास. वर्षाचे झाले 1,80,000. भाड्याचे 1,20,000 त्यात घातले की तीन लाख बरोबर भरतात. कालनिर्णयच्या पानामागे मी तो हिशेब मांडला होता, अजून जपून ठेवलाय. भाड्यामुळे जास्तीचे मिळाले 12,400 पॉइंट, म्हणजे 3,100 रुपये. शुल्क गेलं 1,416. निव्वळ फायदा 1,684 रुपये, वर्षाला. महिन्याला 140.

बिल भरायला चाळीस-पन्नास दिवस मिळतात, तोवर पैसे आपल्याच खात्यात राहतात, असंही मला कुणी कुणी सुनावतं. बरोबर आहे. बचत खात्याच्या तेव्हाच्या 3 टक्क्यांनी दहा हजारांवर 45 दिवसांचे साधारण 37 रुपये व्हायचे.

आता 140 रुपयांसाठी काय मोजलं ते सांगते, कारण हे कुणी विचारत नाही.

काकू दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुकात एन्ट्री मारून आणतात. घरी आल्यावर चष्मा लावून बोटाने एकेक ओळ वाचतात. आधी तिथे माझं नाव असायचं. ॲप सुरू झाल्यावर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ यायला लागली. "अगो, हे कुणाचे गो पैसे?" त्यांनी पहिल्या महिन्यात ते काढलेच नव्हते. चुकून कुणाचे तरी आले असतील, परत मागतील, म्हणून तसेच ठेवले. पुढे ॲपने त्यांचा पॅन मागितला. तो त्यांनी दिला, पण द्यायच्या आधी पुण्याच्या लेकाला दोनदा फोन केला.

आणि एका महिन्यात पैसे अडकले. माझ्या कार्डावरून 3 तारखेला गेले, काकूंच्या खात्यात 9 तारखेला पोचले. ॲपवर नुसतं "प्रक्रिया सुरू आहे". काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी खाली ताक आणायला गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिसल्या. एरवी महिन्याच्या आख्ख्या स्ट्रिपा असतात. त्या दिवशी कात्रीने कापलेला चार गोळ्यांचा तुकडा होता, कापलेली कड वाकडी. मी तशीच वर आले आणि त्यांच्या खात्यात दहा हजार सरळ टाकले. पॉइंटांसाठीचा माझा उशीर त्यांच्या औषधावर गेला होता. टप्प्याला थोडेच महिने उरले होते म्हणून मी ॲप चालू ठेवलं, पण तेव्हापासून 27 तारखेलाच भरायला लागले.

पुढे तो मार्ग आपोआपच बुजत गेला. ऑक्टोबर 2022 मधे आयसीआयसीआय बँकेने कार्डावरच्या भाड्याला स्वतःचं 1 टक्का शुल्क लावलं, नोव्हेंबरात एसबीआय कार्डने प्रत्येक व्यवहाराला 99 रुपये अधिक जीएसटी. माझ्या बँकेनेही 1 टक्का आणि जीएसटी लावला, आणि भाड्यावरचे पॉइंट बंद करून ते टप्प्यातूनही वगळलं. ॲपचे 118 आणि बँकेचे 118, असे 236 रुपये द्यायचे आणि हाती काही नाही. मी थांबले.

बँकांनी असं का केलं, हे मला मिरकरवाड्यातल्या एका मुलाचं बिल बघून कळलं. माझ्या भावाच्या वर्गातला. नारळी पौर्णिमेच्या आधी होडीचं इंजिन दुरुस्त करायला त्याला 40,000 हवे होते. कार्डावरून रोख काढली तर शुल्क पडतं आणि पहिल्या दिवसापासून व्याज, म्हणून त्याने चुलतभावाला घरमालक दाखवून "भाडं" भरलं आणि रोख परत घेतली. असे पुष्कळ जण करत होते. हंगाम मनासारखा गेला नाही, बिल आलं की तो मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी भरायचा आणि त्याला वाटायचं, निभावलं. त्याच्या व्याजाचा दर महिन्याला 3.5 टक्के होता. चाळीस हजारांवर 1,400 रुपये, त्यावर जीएसटी 252. दर महिन्याला 1,652, आणि मुद्दल जवळपास तिथल्या तिथे. मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी पतपेढीतून कर्ज काढून त्याने कार्ड मोकळं केलं. तुमच्यापैकी कुणी अशा फेऱ्यात असाल तर पॉइंटांचा विचार सोडा आणि आधी ते फेडा, कमी व्याजाचं कर्ज काढून का होईना.

15 सप्टेंबर 2025 ला रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांसाठी, म्हणजे मधे राहून ग्राहकाचे पैसे गोळा करून पुढे देणाऱ्या कंपन्यांसाठी, नवे निर्देश काढले. ज्या व्यापाऱ्याशी करार आहे, ज्याची रीतसर पडताळणी केलेली आहे, त्याच्याचसाठी या कंपन्यांनी पैसे गोळा करायचे. काकू काही व्यापारी नाहीत. त्यामुळे बऱ्याच ॲपांनी कार्डाने भाडं भरायची सोय बंदच केली. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून भरू का, असं हल्ली मुलं विचारतात. तेही होत नाही, त्यातून दुकानदाराला देता येतात, माणसाला नाही.

कार्ड मी आजही वापरते. किराणा, विमा, रेल्वेची तिकिटं, जिथे कार्डाचं वेगळं शुल्क पडत नाही तिथे. पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी व्यवस्था करून ठेवली आहे, मिनिमम ड्यूचा पर्याय मी निवडलेलाच नाही. पॉइंट सावकाश साठतात. आईला आता काशीला जायचंय, त्यासाठी पतपेढीत दरमहा हजाराचं आवर्ती खातं उघडलंय. पॉइंट साठले तर त्यात भर.

भाडं 1 तारखेला माझ्या खात्यातून थेट काकूंच्या खात्यात जातं. गेल्या आठवड्यात त्या पासबुक घेऊन जिन्याखाली उभ्या होत्या. माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "आले हो तुझे," आणि आत गेल्या.